सोमवारची दोन मिनिटं

भाऊ गेले तेव्हा जीप चालू स्थितीत होती. दहाव्याचं सामान तिच्यातूनच आलं, त्यामुळे याबद्दल वाडीत कोणाचं दुमत नव्हतं. महिंद्राची जुनी सीजे-थ्रीबी, विलिसच्या नमुन्यावर बांधलेली, पेट्रोलवर चालणारी, उंच बॉनेटची. लांज्यापासून आत, जांभ्या चिऱ्यांच्या त्या वाडीत पहिली चार चाकं आली ती हिचीच. एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्या हमरस्त्यापर्यंत न्यायच्या, अडलेल्या बाईला रात्री-अपरात्री रत्नागिरीला पोचवायचं, लग्नात नवरदेव मिरवायचा, सगळं हिनेच केलं. भाऊंमागे थोरला मुलगा डोंबिवलीला आणि धाकटा पुण्याला. घरात आई, आणि बागेची राखण करणारा गणू.

गणूला जीप चालवता येत होती. भाऊंनी शिकवली होती आणि लायसन्सही काढून दिलं होतं. तरी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्याने किल्ली आईच्या कपाटात ठेवली आणि गणूला सांगितलं, "गाडी बाहेर काढायची नाही. पण नुसती उभी राहिली तर खराब होईल. दर सोमवारी आईकडून किल्ली घ्यायची, दोन मिनिटं चालू करायची, बंद करायची. बस्स."

अशी सूचना आपल्यापैकी निम्म्या लोकांनी कधी ना कधी दिलेली असेल. सोसायटीच्या वॉचमनला, शेजाऱ्याला, भाच्याला. ऐकायला शहाणपणाची, द्यायला फुकट.

गणूने ती पाळली. पहिल्याच पावसाळ्यात बॅटरी इतकी उतरली, की स्टार्टर फिरेना, पण या जीपला पुढून हँडल घालायची सोय असते. गणू चोक ओढायचा, हँडल मारायचा, मोबाइलवर दोन मिनिटं लावायचा, ती भरली की इंजिन बंद करायचा आणि गोठ्याच्या पडवीतल्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायचा. तिसऱ्या वर्षी श्रावणात त्याला ताप आला आणि काही सोमवार चुकले. बरा होऊन त्याने हँडल घातलं तर ते हलेना. त्याने डोंबिवलीला फोन केला. "बघू दिवाळीला आलो की," थोरला म्हणाला. दिवाळी आली, गेली. जीपवर आणखी दोन पावसाळे पडले. म्हणजे छपरावर पडले, पण कोकणात त्याने फारसा फरक पडत नाही. जून ते सप्टेंबर इथली हवाच पाण्यासारखी असते.

धाकट्याने पुण्यात एक गिऱ्हाईक गाठलं. जुन्या गाड्या जमवणारा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: इंजिन फिरत असेल तर एक भाव, जाम असेल तर भंगाराचा. दोन्ही किमतींत इतकं अंतर होतं, की दोघेही मुलगे डिसेंबरात रजा टाकून गावी आले.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी शेजारचा ट्रॅक्टर आणला. दोर बांधला, जीप तिसऱ्या गिअरमध्ये टाकली, धाकटा स्टिअरिंगवर बसला. ट्रॅक्टरने ओढ दिली की क्लच सोडायचा, चाकं इंजिनला फिरवतील आणि जाम सुटेल, असा बेत. आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेला होता. जीप पुढे सरकली खरी, पण मागची चाकं फिरलीच नाहीत. लाल चिखलात दोन खोल चर पाडत ती नांगरासारखी फरफटत गेली. तेवढ्यात मिस्त्री आले आणि लांबूनच ओरडू लागले.

मिस्त्रींचं गॅरेज लांज्यात एसटी स्टँडच्या मागे होतं. आता तिथे त्यांचा मुलगा मोबाइल विकतो. भाऊंची जीप आयुष्यभर त्यांच्याच हाताखालून गेलेली. आईने त्यांना निरोप धाडला होता. मुलांना विचारून नव्हे.

"त्या चिखलाला आधी नमस्कार करा," मिस्त्री म्हणाले. "जमीन सुकी असती तर चाकांनी पकड घेतली असती, आणि आतलं काहीतरी मोडूनच इंजिन फिरलं असतं. रिंगा बिडाच्या असतात रे, वाकत नाहीत, तुटतात. रिंग तुटली की तिचा तुकडा सिलिंडरचा नळा खरवडतो. आणि रिंग नाही तुटली तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग विका त्याला."

धाकट्याने यूट्यूबवर एक उपाय पाहिला होता: प्लगच्या भोकातून कोला ओतायचा. हा उपाय अगदीच खुळा नाही. कोलात फॉस्फरिक ॲसिड असतं आणि ते गंज खातं. पण त्याबरोबर साखर आणि पाणीही आत जातं, आणि पाण्यानेच तर हे घडलेलं असतं. मिस्त्रींनी इतकं काही सांगितलं नाही. "तो तू पी," एवढंच म्हणाले.

मग थोरला गणूकडे वळला. रागाला कोणीतरी लागतंच. "तू चालू करतच नव्हतास. दर सोमवारी सांगितलं होतं ना?"

गणू काही बोलला नाही. पडवीत गेला आणि भिंतीपाशी उभा राहिला. रेघांच्या ओळी कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत गेल्या होत्या. श्रावणातली मोकळी जागाही तशीच होती. त्याने ती नंतर भरून काढली नव्हती. थोरल्याचं बोट नेमकं तिथेच गेलं. "हे बघ. इथे चुकलास."

"किती वेळ चालू ठेवायचास?" मिस्त्रींनी विचारलं.

"दोन मिनटां."

"रस्त्यावर नेऊन?"

"नाय. बाहेर काढायची नाय म्हणून सांगितलेलं."

मिस्त्रींनी भिंतीकडे एकदा पाहिलं आणि प्लगचा पाना मागितला.

चारही प्लग काढून त्यांनी प्रत्येक भोकात अर्धी-अर्धी वाटी औषध सोडलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात ते लाल तेल, म्हणजे एटीएफ, आणि तितकंच रंगाच्या दुकानातलं ॲसिटोन. पूर्वी ते डिझेल आणि रॉकेल वापरायचे, पण आता रॉकेल आणायचं कुठून? ॲसिटोन पातळ, ते केसाएवढ्या फटीतही शिरतं आणि तेलाला सोबत नेतं. मात्र ते भुर्रकन उडतं, म्हणून भोकांना बुचं ठोकली. ते पेटतंही तितकंच भुर्रकन, म्हणून गणूची विडी पडवीबाहेर गेली. "आता उद्या," मिस्त्री म्हणाले आणि एसटीने निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बुचं काढून एकेका भोकात तार बुडवून पाहिली. एक, दोन आणि चार नंबरचं तेल रिंगांच्या बाजूने खाली झिरपून गेलं होतं. तीन नंबरचं तसंच होतं, सुतभरही उतरलं नव्हतं. रोगी कोण ते कळलं. मिस्त्रींनी उरलेल्या तिघांना पुन्हा थोडं पाजलं आणि ते पुन्हा निघाले. धाकट्याचा धीर सुटला. त्याचं ऑफिस होतं, गिऱ्हाईकाचे फोन येत होते. तो रात्रीच्या गाडीने पुण्याला गेला. थोरला राहिला. ओटीच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथे त्याने लॅपटॉप मांडला.

हेड काढायला मिस्त्री त्यानंतर तीन-चार दिवसांनी आले. तोवर थोरल्याने आपणच काम पुढे न्यायचं ठरवून हेडचे दिसतील तेवढे बोल्ट काढून ठेवले होते. हेड मात्र हलत नव्हतं. मिस्त्री पोचले तेव्हा तो हेड आणि ब्लॉकच्या सांध्यात पहार घालण्याच्या बेतात होता.

"थांब! कार्ब्युरेटर काढला का?"

"त्याचा काय संबंध?"

मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात आवडतो तो हा बोल्ट. या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, नळ्याच्या शेजारी. आत येणाऱ्या हवेची वाटही हेडमध्येच ओतलेली. त्या वाटेत, कार्ब्युरेटर बसतो त्याच्या बरोबर खाली, हेडचा एक बोल्ट लपलेला असतो. कार्ब्युरेटर उचलल्याशिवाय तो दिसत नाही. ज्यांना तो माहीत नसतो ते पहार घालतात, आणि साठ-सत्तर वर्षांचं बिडाचं हेड तडकवून बसतात. वर सांगत फिरतात की हेड फार गंजलं होतं.

मिस्त्रींनी कार्ब्युरेटर उचलला, आतला बोल्ट सोडवला, आणि हेड दोघांनी हातांनी उचलून गोणपाटावर ठेवलं.

मग बॅटरीच्या उजेडात चारही नळे दिसले. नळा सुमारे ऐंशी मिलिमीटर रुंद, पिस्टनची धाव एकशे अकरा मिलिमीटरची, आणि सगळे पिस्टन वाटेत मधेच कुठेतरी थांबलेले. दोन आणि चार नंबर चकचकीत होते, नुकत्याच घासलेल्या पितळी भांड्यासारखे. एक नंबरवर पुसट तपकिरी छटा, बोटाने पुसली जाईल अशी. तीन नंबर मात्र खापरीच्या आतल्या रंगाचा झाला होता. गंज एका बाजूला जाड होता, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला, आणि तिथून तो पसरत गेल्याचं स्पष्ट दिसत होतं.

"एकाच इंजिनात, एकाच छपराखाली," थोरला म्हणाला. "मग यालाच का?"

मिस्त्रींनी व्हॉल्व्हवर नख वाजवलं. "हा उघडा राहिला म्हणून. इंजिन बंद होतं तेव्हा चारही नळे चार वेगळ्या कामांत असतात. दोन आणि चारची दोन्ही दारं बंद होती, त्यांना हवा लागली नाही. एकचं आत येणारं दार उघडं होतं, पण त्याच्या पुढे एअर फिल्टर, त्यात तेलाचं भांडं. तिथून ओल थोडीच आली. तीनचं बाहेर जाणारं दार उघडं राहिलं. त्याच्या पुढे काय? सायलेन्सर. तो पाण्याने भरलेला."

"सायलेन्सरमध्ये पाणी कुठून आलं? गाडी पडवीत होती."

"पेट्रोलमधून."

थोरला रसायनशास्त्राचा पदवीधर होता, आणि तरी हसला. मग हसता हसता थांबला. मनात हिशेब सुरू झाला असावा. पेट्रोलमधला हायड्रोजन जळतो म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो, आणि त्याचं पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जाळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. शाळेच्या पुस्तकात हे असतं, फक्त तिथे गाडी नसते. इंजिन तापलेलं असेल तर ते पाणी वाफ होऊन शेपटातून निघून जातं. थंडीच्या सकाळी गाडीमागे जो पांढरा धूर दिसतो तो बहुतेक हाच. पण दोन मिनिटांत इंजिन तापत नाही. वाफ थंड नळ्यावर, थंड सायलेन्सरमध्ये, खालच्या तेलात पाणी होऊन बसते. त्यात चोक ओढलेला, म्हणजे पेट्रोल जास्त. ते नळ्याच्या भिंतीवरचा तेलाचा पापुद्रा धुऊन टाकतं. उघडं बीड, वर पाणी, आणि पुढचे सात दिवस शांतता.

"तापमानाचा काटा मधोमध यायला हवा," मिस्त्री म्हणाले, "आणि त्यानंतर निदान वीसेक मिनिटं गाडी रस्त्यावर पळायला हवी. मग आतलं पाणी उडतं. तेवढं करायचं नसेल तर हात लावू नये. प्लगमधून चमचा-चमचा तेल सोडावं, सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबावा आणि गाडीला झोपू द्यावं. नुसती झोपलेली गाडी मी सोडवली आहे, त्रास होत नाही. ही अशी अर्धवट जागवलेली जास्त गंजते."

"पण श्रावणातले सोमवार..."

"ते तीन-चार सोमवार चुकले नसते तर जाम आश्विनात झाला असता. पाणी कोणी भरलं? आधीच्या सगळ्या सोमवारांनी. गणूने काही चुकवलं नाही, बाबा. त्याने तू सांगितलंस तेच केलं."

आई पडवीच्या उंबऱ्यावर बसून वालाच्या बिरड्या सोलत होती. ती वर न बघता म्हणाली, "म्हणजे तुझ्या रविवारच्या फोनसारखं झालं हे. बरी आहेस ना, गोळ्या घेतेस ना, ठेवतो."

मिस्त्री खोकले. गणूला एकदम बागेत काहीतरी काम आठवलं.

थोरल्याने त्यावर उत्तर दिलं नाही, आणि ते बरंच झालं. त्याने वॉटर पेपर मागितला.

पिस्टन हलवण्याआधी त्याच्या वरचा गंज काढावा लागतो. तसाच फिरवला तर रिंगा गंजातून ओढल्या जातात आणि नळ्यावर उभे ओरखडे उठतात. मिस्त्रींनी पिस्टनच्या कडेने ग्रीसमध्ये बुडवलेल्या चिंध्या ठासल्या, म्हणजे पूड खाली जाणार नाही. थोरला डिझेलमध्ये भिजवलेल्या बारीक पेपरने आडवं-तिरपं घासत बसला. उभं घासायचं नाही, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. नळ्याच्या भिंतीवर मुळातच एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा असतात. तेल त्या रेघांत धरून राहतं. उभ्या रेघा पडल्या की तेच तेल वर चढतं आणि निळा धूर होऊन जळतं.

घासणं, पुसणं, तेल सोडणं, थांबणं. पुन्हा घासणं. या कामात सांगण्यासारखं काही घडत नाही, आणि करणाऱ्याला तेच जड जातं. थोरल्याने दर दोन तासांनी हँडल घालून पाहिलं, दर वेळी मिस्त्रींनी त्याचा हात धरला. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. रिंग आणि नळा यांच्यात तो पाचर ठोकल्यासारखा फुगून बसलेला असतो. पाचर ओढून निघत नाही. तिला मऊ होऊ द्यावं लागतं.

सुटलं ते एका दुपारी, जेवणानंतर. मिस्त्रींनी तीन नंबरच्या पिस्टनवर खैराचा गोल ठोकळा ठेवला आणि लाकडी मोगरीने वरून हलके ठोके द्यायला सुरुवात केली, दार वाजवतात तितकेच. गणू हँडलवर होता. "जोर नको. नुसतं वजन ठेव." दहा-पंधरा ठोक्यांनंतर गणू म्हणाला, "हाललं."

"किती?"

"सुतभर."

थोरला उठून हँडलकडे धावला. "थांब, आता मी..."

"मागे," मिस्त्री म्हणाले. "गणू, आता मागे घे."

"मागे कशाला? सुटलंय ना?"

"सुटलंय म्हणूनच. पुढे रेटलंस तर सुटलेला गंज रिंगेपुढे गोळा होतो आणि पुन्हा अडकतो. सुतभर पुढे, सुतभर मागे, मग तेल. मग दोन सुतं."

संध्याकाळपर्यंत इंजिनाचा एक पूर्ण फेरा झाला. थोरल्याने धाकट्याला फोन करून सांगितलं, धाकट्याने गिऱ्हाईकाला. गिऱ्हाईक म्हणालं, व्हिडिओ पाठवा. थोरल्याच्या मनात तेव्हा काय आलं ते त्यानेच नंतर मिस्त्रींना सांगितलं: आता हेड बसवावं, हँडल फिरताना दाखवावं आणि पैसे घ्यावेत. फिरतंय तर खरं. खोटं काय त्यात?

पण त्याने नळ्यात बोट घालून पाहिलं होतं. रिंगा जिथे दोन पावसाळे बसून होत्या तिथे एक आडवी रेघ होती, आणि त्या रेघेत नखाला लागतील असे खड्डे. मिस्त्रींची कसोटी सोपी: डोळ्याला दिसतो पण नखाला लागत नाही तो डाग, त्याला सोडा, नखाला लागतो तो खड्डा, त्याला सोडू नका. तिथून कॉम्प्रेशन निसटणार, तेल जळणार, महिन्याभरात गिऱ्हाईक शिव्या घालणार. थोरल्याने व्हिडिओ पाठवला नाही. धाकट्याशी त्यावरून भांडण झालं. ते इथे सांगण्यात अर्थ नाही, वाटणीपासून सगळंच त्यात निघालं.

इंजिन उतरवलं. खालचा तेलाचा चेंबर सोडला, कनेक्टिंग रॉडच्या टोप्या काढल्या, नळ्याच्या वरच्या टोकाला झिजेने उरलेली कड खरवडली आणि पिस्टन वरून बाहेर काढले. तीन नंबरच्या दोन रिंगा खाचेत चिकटून बसल्या होत्या, तिसरी काढताना मोडली. ब्लॉक टेम्पोत घालून थोरला आणि गणू आंबा घाटाने कोल्हापूरला गेले, उद्यमनगरात. ज्यांनी ते उद्यमनगर पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं, की ओतकाम, लेथ, बोअरिंग, क्रँक घासणं यातलं काय होत नाही असं तिथे विचारायचं नसतं. फक्त कोणत्या गल्लीत एवढंच विचारायचं.

बोअरिंगवाल्याने डायल गेज नळ्यात सोडून फिरवला आणि म्हणाला, "भावा, तीन नळं झ्याक हाईत. नुसतं होनिंग करू, नव्या रिंगा घाल. ह्यो तिसरा मात्र तीस थाऊनं काढला तरी खड्डा ऱ्हातोय. चाळीसनं काढला तर भित पातळ व्हईल. स्लीव्ह घाल एकाला."

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि स्लीव्ह म्हणजे तो नळा बराच मोठा कोरायचा, त्यात बिडाची नवी नळी दाबून बसवायची आणि ती पुन्हा मूळ मापाला आणायची. चारही पिस्टन एकाच मापाचे राहतात आणि बाकीचे तीन नळे विनाकारण कापावे लागत नाहीत. थोरल्याने होकार दिला.

परतीच्या वाटेवर, साखरप्याच्या अलीकडे चहाला थांबले असताना, त्याने गणूला विचारलं, "तुला माहीत होतं? दोन मिनिटांनी गाडी खराब होते ते?"

गणूने चहा संपवला. "भाऊ म्हणायचे, गाडी घराबाहेर काढली तर ती तापेपर्यंत परत आणू नको. पण ते भाऊ. तुम्ही सांगितलं, बाहेर काढायची नाय."

"मग बोलला का नाहीस?"

"किल्ली कपाटात गेली तेव्हाच कळलं, की आपण बोलायचं नाय."

थोरला पैसे द्यायला उठला.

शिमग्याला चाकरमानी आले तेव्हा इंजिन जागेवर बसलेलं होतं. रिंगांच्या फटी मिस्त्रींनी स्वतः फीलर गेजने मोजल्या होत्या: नळ्याच्या व्यासाच्या दर इंचाला तीन-साडेतीन थाऊ धरून दहा-अकरा थाऊ. कार्ब्युरेटरखालचा बोल्ट थोरल्याने आपल्या हाताने आवळला. पेट्रोल नवीन घातलं. टाकीत राहिलेलं व्हार्निशसारखं चिकट झालं होतं. गणूने हँडल मारलं. दुसऱ्या खेपेला इंजिन चालू झालं, सायलेन्सरमधून तपकिरी पाण्याची एक पिचकारी उडाली आणि सोंग पाहायला आलेली पोरं ओरडत मागे पळाली.

दोनेक मिनिटं झाली असतील. थोरल्याचा हात आपोआप किल्लीकडे गेला.

"बंद करू नको!" मिस्त्री ओरडले. "नवीन रिंगा आहेत. उभ्या गाडीत फुटफुटत राहिल्या तर नळ्याला धरणार नाहीत, वर काच चढेल. चढावर घाल तिला. ओझं टाक तिच्यावर."

हमरस्त्यावर न्यायची सोय नव्हती. आरसीची मुदत कधीच संपली होती आणि त्यावर नाव अजून भाऊंचंच होतं. पाच वर्षांत दोघा भावांपैकी कोणी आरटीओची पायरी चढलं नव्हतं. गिऱ्हाईकाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, कागद झाले की कळवा, आणि त्यानंतर त्याने फोन केला नाही. तेव्हा जीप बागेच्या रस्त्यावर गेली, वरच्या विहिरीपर्यंत चढ आणि परत, काटा मधोमध येईपर्यंत आणि त्यानंतरही बराच वेळ. आई पुढे बसली होती. उतरताना ती म्हणाली की सीटची स्प्रिंग टोचते, ती भाऊंच्या वेळेपासून टोचत होती, आणि तेव्हाही कोणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने किल्ली गणूपुढे धरली. "आता तुझ्याकडे ठेव. बाजाराला ने, पेट्यांना ने. कपाटात नको."

गणूने हात पुढे केला नाही. "पासिंग करा आधी. इन्शुरन्स उतरवा. वारसांची नावं लावा. कुठे ठोकली तर माझ्या पगारातून कापायचं नाय, हे आईंसमोर सांगा."

"सांगतो."

"आणि पेट्रोल?"

"मी पैसे पाठवीन."

"किती?"

थोरल्याने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री जीपकडे पाहत राहिले; हा व्यवहार त्यांचा नव्हता. "आठवड्याला पाच लिटरचे," थोरला म्हणाला.

"सहा. चढ आहे." गणू म्हणाला. "आणि कोळशाच्या रेघा मी आता ओढणार नाय."

थोरल्याने मान हलवली. गणूने किल्ली घेतली नाही. पासिंग झाल्यावर घेतो म्हणाला आणि बागेत गेला.

मंगळवारी थोरला रत्नागिरीच्या आरटीओत रांगेत उभा होता. बरोबर भाऊंच्या मृत्यूचा दाखला, फाटलेलं आरसी बुक, आईची सही. खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले आणि दुसऱ्या वारसाची सही कुठे आहे म्हणून परत दिले. त्याने तिथूनच पुण्याला फोन लावला. भांडणानंतर दोघे बोलले नव्हते.

"कुरिअरने फॉर्म पाठव," धाकटा म्हणाला, "सही करून परत पाठवतो."

"तू ये," थोरला म्हणाला. "मागच्या ब्रेकचे सिलिंडर राहिलेत. तेही गंजलेत. मिस्त्री म्हणतात, दोन माणसं लागतील."